रुग्णाची झोप राखताना: वॉर्डातल्या नर्ससाठी सकाळपासून पहाटेपर्यंतचं काम

रात्री अडीचचा राउंड. टॉर्चचा उजेड जमिनीकडे धरून पाहिलं तर आजी कुशीवर, डोळे मिटलेले, श्वास संथ. नोट्समध्ये लिहून टाकलं, 'रुग्ण शांत झोपलेली'. सलग तिसऱ्या रात्री हेच लिहिलं होतं. सकाळी तोंड पुसून देताना सहज विचारलं, "आजी, झोप झाली ना?"

"कसली झोप, सिस्टर? डोळे मिटून पडले होते. शेजारच्या मशीनचं टीं-टीं मोजत होते. तुम्ही दोनदा येऊन गेलात तेही कळलं. उगीच तुम्हाला त्रास कशाला, म्हणून बोलले नाही."

खुब्याच्या ऑपरेशननंतरचा तो चौथा दिवस. आजी फिजिओथेरपीला उभ्या राहायला तयार नव्हत्या आणि आम्ही सगळे त्याचं खापर दुखण्यावर फोडत होतो. चूक माझी होती. मी झोप पाहिली होती, विचारली नव्हती. त्या सकाळनंतर मी ज्या क्रमाने काम करायला लागले, तो क्रम इथे देते आहे.

आधी थोडी समज

झोप एकसंध नसते. हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप मिळून एक फेरा होतो, साधारण ९० ते ११० मिनिटांचा. रात्रीत असे चार ते सहा फेरे होतात. त्यातली गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात येते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं. म्हणून रात्री साडेअकराला बीपीसाठी उठवलं की जे हातचं जातं, ते सकाळी उशिरापर्यंत झोपू देऊन भरून निघेलच असं नाही. आणि दर तासाला उठवलेल्या माणसाचा एकही फेरा पूर्ण होत नाही. त्याच्या झोपेच्या तासांची बेरीज सहा भरली तरी तो सकाळी चिडलेलाच असतो.

झोप येण्यामागे दोन गोष्टी असतात. एक म्हणजे जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यातून झोपेचा दाब तयार होतो. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ, जे मुख्यतः उजेडावर चालतं. अंधार पडला की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप देणारं संप्रेरक, वाढतं. आता वॉर्ड आठवा. रुग्ण दिवसभर पलंगावर डुलक्या घेतो, म्हणजे दाब साठतच नाही. दिवसा पडदे ओढलेले आणि रात्री डोक्यावर ट्यूबलाइट, म्हणजे घड्याळाचाही गोंधळ. मग रात्री दहाला दिवा बंद करून 'झोपा आता' म्हटलं तर तो झोपणार कसा? म्हणून हे काम रात्रपाळीचं एकटीचं नाही. ते सकाळच्या पाळीतच सुरू होतं.

पहिली पायरी: विचारा, आणि नीट विचारा

दाखल करून घेतानाच पाच मिनिटं काढा. घरी किती वाजता झोपता, किती वाजता उठता, रात्री किती वेळा उठावं लागतं, कशासाठी? किती उशा लागतात? झोपण्याआधी काय करायची सवय आहे? झोपेची गोळी घेता का, किती वर्षं? दारू घेता का, शेवटची कधी घेतली? उशांचा प्रश्न फालतू वाटतो, पण 'तीन लागतात, नाहीतर गुदमरतं' हे उत्तर थेट हृदयाकडे बोट दाखवतं.

घोरण्याबद्दल मात्र शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा. रुग्णाला स्वतःचं घोरणं कुठून ऐकू येणार? घोरता घोरता श्वास थांबतो, मग एकदम दचकून सुरू होतो असं बायकोने किंवा नवऱ्याने सांगितलं, तर ते ठळक लिहा आणि डॉक्टरांना, भूलतज्ज्ञांनाही कळवा. घरी सीपॅप मशीन (झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं) वापरत असतील तर ते घरून मागवून घ्या.

रोज सकाळी मोजण्यासाठी रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावली सोपी पडते. झोप किती गाढ होती, लागायला किती वेळ लागला, किती वेळा जाग आली, जाग आल्यावर पुन्हा झोप लागली का आणि एकूण झोप कशी होती, असे पाच प्रश्न. प्रत्येकासाठी ० ते १०० ची रेघ. रुग्ण रेघेवर बोट ठेवतो आणि दोन मिनिटांत काम होतं. मुळात ही अतिदक्षता विभागासाठी बनवलेली आहे, साध्या वॉर्डातही चालते. एवढंही जमत नसेल तर 'शून्य ते दहामध्ये कालची झोप किती?' एवढं तरी विचाराच.

दुसरी पायरी: झोप कशामुळे मोडते ते शोधा

'झोप येत नाही, गोळी द्या' असं रुग्ण म्हणतो तेव्हा तो फक्त तक्रार सांगत असतो. तिच्यामागे काय आहे ते आपण शोधायचं. दुखतंय का, धाप लागते का, खाज, मळमळ, खोकला, भूक, थंडी, भरलेलं मूत्राशय, अडलेला शौच, ताणलेला कॅथेटर, दुमडलेली चादर, की उद्याच्या रिपोर्टची भीती? हे सगळं पाहून झाल्यावर औषधांचा तक्ता उघडा. झोपेचा शत्रू अनेकदा तिथेच बसलेला सापडतो.

एक काका होते, पायाला सूज, रात्रीत चार-चार वेळा लघवीला उठायचे. त्यांनाही झोपेची गोळीच हवी होती. तक्ता पाहिला. फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, दिवसातून दोनदा, वेळ सकाळी आठ आणि रात्री आठ. डॉक्टरांनी फक्त 'दोन वेळा' लिहिलं होतं. आठ-आठ ही आमच्या औषधाच्या राउंडची सोय. ही गोळी तोंडाने घेतल्यावर तिचा परिणाम ६ ते ८ तास टिकतो. म्हणजे काकांची अर्धी रात्र आम्हीच संडासाच्या वाटेवर घालवत होतो. डॉक्टरांना विचारून दुसरी गोळी दुपारी दोनला आणली. तिसऱ्या रात्री काका एकदाच उठले. झोपेच्या गोळीचा विषय पुन्हा निघाला नाही.

अशी आणखी काही औषधं डोक्यात ठेवा. स्टेरॉइडचा दिवसाचा एकच डोस असेल तर तो सकाळी देणं चांगलं. काही बीटा-ब्लॉकरमुळे (बीपी आणि हृदयासाठीची औषधं) भयाण स्वप्नं पडतात. मेटोक्लोप्रामाइड या उलटीवरच्या औषधाने काहींना इतकी अस्वस्थता येते की पाय एका जागी ठेववत नाहीत. 'पायात मुंग्या, ओढ, हलवल्याशिवाय चैन पडत नाही' असं रुग्ण म्हणाला तर त्याला बेचैन पायांचा विकारही असू शकतो. त्यात रक्तातलं लोह तपासावं लागतं. वेळ बदलायची झाली तर ती डॉक्टरांना विचारूनच. पण विचारायला हवं हे लक्षात येण्याची जागा नर्सची आहे.

आणि एक सावधगिरी. रोज दारू किंवा वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेणारा माणूस दाखल झाल्यावर ती अचानक बंद होते. पहिल्या-दुसऱ्या रात्री झोप नाही, हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी धावते. याला निद्रानाश समजून गप्प बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. हे सवयीची दारू किंवा गोळी अचानक तुटल्याचं (विथड्रॉवलचं) लक्षण आहे, पुढे झटके येऊ शकतात.

तिसरी पायरी: दिवस दिवसासारखा करा

सकाळी पडदे उघडा. शक्य असेल त्याला खिडकीजवळ खुर्चीत बसवा, नाश्ता तिथेच द्या. चालू शकणाऱ्याला चालवा, पलंगावरच्याकडून पलंगावरचे व्यायाम करून घ्या. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी. हा नियम मात्र सगळ्यांना लावू नका. ताप, केमोथेरपी, रक्तस्राव यांनी गळून गेलेल्या रुग्णाला दुपारी झोपावंच लागतं. चहा-कॉफी दुपारनंतर टाळा. कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच सरासरी पाच तास लागतात.

पायांना सूज असलेला रुग्ण आडवा झाला की पायातलं पाणी रक्तात परतते आणि लघवी वाढते. म्हणून दुपारी तासभर पाय उंचावर ठेवले तर रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. हृदयाच्या रुग्णाला त्याने धाप लागत नाही ना, एवढं बघा.

विश्रांती वेगळी, झोप वेगळी, हेही दिवसाच लक्षात येतं. चार वाजता डॉक्टर काहीतरी बोलून गेले, त्यातला एकच शब्द रुग्णाच्या कानात अडकला, आणि तो रात्रभर त्याच शब्दाभोवती फिरतो. संध्याकाळी पाच मिनिटं बसून 'डॉक्टर काय म्हणाले, तुम्हाला काय समजलं?' असं विचारा. पुष्कळदा झोपेचं कुलूप इथेच उघडतं.

चौथी पायरी: दिवे मालवण्याआधीचा तास

माझ्या मते सगळ्यात जास्त फळ देणारा वेळ हाच, आणि तोच नेमका हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण सोपवण्याच्या, गडबडीत जातो.

वेदनाशामक आधी द्या. तोंडाने दिलेल्या गोळीला चढायला अर्धा ते एक तास लागतो. रुग्ण कण्हायला लागल्यावर दिली तर तुम्ही आधीच उशीर केलेला असतो. तोवर बाकीची कामं उरका: लघवी-शौच, तोंड धुणं, कवळी काढून ठेवणं, कपडे बदलणं, चादर ताणून घालणं. युरिन बॅग रिकामी करा. सलाईन रात्री एकला संपणार असेल तर आत्ताच डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे पुढची बाटली तयार ठेवा. सलाईनचा पंप वाजल्यावर धावत जाण्यापेक्षा तो वाजूच नये हे बरं. सुईची जागा तपासा. कोपराच्या वळणावर सुई असेल तर रुग्णाने हात दुमडला की पंप बोंबलणार, हे ठरलेलंच.

मग स्थिती. धाप लागणाऱ्याला पाठीमागे ४५ ते ६० अंश उंची आणि हातांखाली उश्या. छातीत जळजळणाऱ्याचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी संपवा, पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर वर घ्या आणि डाव्या कुशीवर झोपवा. नुसत्या उश्या रचल्या तर पोट दुमडतं आणि जळजळ वाढते. कुशीवर झोपवताना पूर्ण ९० अंश नको, ३० अंश पुरे; गुडघ्यांमध्ये उशी ठेवा आणि टाचा गादीवर टेकू देऊ नका.

पाय गार असतील तर मोजे घाला. हातापायांच्या रक्तवाहिन्या उघडल्या की शरीराची आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला मात्र गरम पाण्याची पिशवी कधीही देऊ नका. भाजेल आणि त्याला कळणारही नाही.

पाठीला मालिश करणं आता मागे पडलं आहे, आणि ते मला खरंच खुपतं. तीन ते पाच मिनिटांचं काम. आधी विचारा, चालेल का? हात चोळून गरम करा, लोशन तळहातावर घ्या, थेट पाठीवर ओतू नका. कमरेपासून मणक्याच्या दोन्ही बाजूंनी सावकाश वर खांद्यापर्यंत, मग बाजूने खाली. मणक्यावर दाब नको आणि मध्येच हात उचलायचा नाही. हात उचलला की रुग्ण 'झालं' समजून जागा होतो. लाल झालेली जागा, जखम, बरगडी किंवा मणक्याचं फ्रॅक्चर असेल तर मालिश नको. पोटरीत गुठळीची शंका असेल तर पोटरीला हात लावू नका.

मालिश नको असेल त्याला श्वास मोजायला शिकवा. नाकाने हळू आत, त्याहून सावकाश बाहेर, दहा वेळा. किंवा पायाच्या बोटांपासून एकेक स्नायू आवळून सोडत कपाळापर्यंत यायचं. हृदयरोगी आणि नुकतं ऑपरेशन झालेल्यांकडून आवळणं करून घेऊ नका, नुसतं सैल सोडायला सांगा.

शेवटी घंटी हाताशी, पाणी हाताशी, चष्मा हाताशी. पलंग खाली, चाकं लॉक, पायाशी मंद दिवा. आणि एक वाक्य: "मी रात्रभर इथे आहे. बाराला एकदा येईन, मग पाचला. मध्ये काही वाटलं तर घंटी दाबा, उगीच त्रास म्हणून थांबू नका." घाबरलेल्या माणसावर या वाक्याचा असर गोळीइतका होतो, असं मी मानते.

पाचवी पायरी: रात्र

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार रुग्णांच्या खोलीत रात्रीचा आवाज सरासरी ३० डेसिबलच्या आसपास असावा आणि मधूनच होणारा आवाजही ४० च्या वर जाऊ नये. साधं बोलणं साधारण ६० चं असतं. म्हणजे आपल्या टेबलावरच्या गप्पा मोजल्या तर पहिला दोष आपलाच निघेल. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच आवाजावर वेगळं प्रकरण लिहून ठेवलं होतं, आणि रुग्णाला ऐकू येईल-न येईल अशा कुजबुजीवर त्यांचा विशेष राग होता. अर्धवट ऐकू आलं की रुग्ण कान टवकारतो, हे त्यांनी अचूक हेरलं होतं.

एक रात्र हातातलं काम संपल्यावर वॉर्डातल्या रिकाम्या खुर्चीत दहा मिनिटं डोळे मिटून बसा. कुठलं दार आपटतं, कुठल्या ट्रॉलीचं चाक किरकिरतं, कचऱ्याच्या डब्याचं झाकण कसं पडतं, कोणाचा फोन वाजतो, हे सगळं ऐकू येईल. आमच्या वॉर्डात एका चाकाला तेलाचे दोन थेंब घातले आणि तीन पलंगांची तक्रार मिटली. मॉनिटरच्या अलार्मची मर्यादा प्रत्येक रुग्णाप्रमाणे ठरवून घ्या. पण अलार्म बंद करून शांतता आणू नका.

दुसरं काम, कामं एकत्र बांधणं. नाडी-बीपी, अँटिबायोटिक, कूस बदलणं, लंगोट बदलणं, साखर तपासणं यासाठी पाच वेगवेगळ्या फेऱ्या कशाला? पाळीच्या सुरुवातीलाच कागदावर प्रत्येक पलंगाचं वेळापत्रक मांडा आणि प्रत्येकाला निदान दोन तासांचे सलग तुकडे मिळतील असं पाहा. दर दोन तासांनी कूस बदलावी लागणाऱ्याचं बाकी सगळं त्या कूस बदलण्यातच उरका. पहाटे चारला रक्त घ्यायची प्रथा असेल तर ते सहाला घेतलं तर चालेल का, विचारून पाहा. स्थिर रुग्णाला मध्यरात्री नाडी-बीपीची गरज आहे का, हेही संध्याकाळच्या राउंडलाच डॉक्टरांना विचारा.

काही ठिकाणी मात्र झोपेचा मुलाहिजा नको. डोक्याला मार लागलेला, रक्त चढत असलेला, इन्सुलिनची ड्रीप चालू असलेला, ऑपरेशन होऊन काहीच तास झालेला, ज्याची प्रकृती ढासळते आहे असा. त्यांना ठरल्या वेळी तपासायचंच. डोक्याच्या रुग्णाला तर उठवून, बोलतं करूनच पाहावं लागतं. त्याला आणि नातेवाइकांना हे आधीच सांगितलं की राग कमी होतो.

पलंगाशी गेलात की हात लावण्याआधी श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. जाग आल्यावर तो आकडा बदलतो. आणि घोरणं म्हणजे गाढ झोप, असं धरून चालू नका. मॉर्फिनसारखं औषध घेतलेला रुग्ण जोरात घोरतोय, मध्ये श्वास थांबतोय, श्वास मिनिटाला आठ-दहावर आला आहे, हाक मारली तर जेमतेम डोळे उघडतो, अशा वेळी त्याला झोपू देणं ही मोठी चूक ठरेल. उठवा, श्वासमार्ग मोकळा करा, ऑक्सिजन लावा, मदत बोलवा.

गोळीबद्दल

गोळी वाईट नाही, पण तिचा नंबर शेवटचा. दिली तर झोपेच्या तयारीनंतर, लघवी उरकून, रुग्ण पलंगावर असताना द्या. झोल्पिडेमसारखी गोळी अर्ध्या तासात चढते. ती घेऊन माणूस संडासाकडे निघाला तर वाटेतच पडेल. म्हाताऱ्या माणसांत बेन्झोडायझेपिन गटातल्या (झोपेच्या आणि चिंतेवरच्या) गोळ्यांनी पडणं आणि भ्रम (डिलिरियम, म्हणजे अचानक होणारा मनाचा गोंधळ) दोन्ही वाढतात. 'साधी ॲलर्जीची गोळी, झोप येईल' म्हणून डायफेनहायड्रामाइन देणंही वृद्धांत टाळायचं. त्याने भ्रम होतो, लघवी अडते. श्वासाचे विकार, झोपेत श्वास थांबणं किंवा सोबत मॉर्फिन असेल तर देण्याआधी डॉक्टरांशी पुन्हा बोला. पहाटे तीननंतर मागितलेली गोळी सकाळी दहापर्यंत अंगावर राहते, हेही रुग्णाला समजावून सांगा.

काही रुग्ण वेगळे असतात

अतिदक्षता विभागात कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी देऊन पाहा. रात्री आवाज-उजेड कमी करण्याची सूचना तिथल्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. पट्टी रुग्णाला विचारून बांधा. भ्रमातल्या माणसाला ती बांधली तर तो आणखी घाबरतो.

वृद्ध रुग्ण रात्री उठून 'घरी जायचंय' म्हणतो तेव्हा वाद घालू नका, बांधून तर मुळीच ठेवू नका. चष्मा, श्रवणयंत्र लावा, नाव घेऊन हाक मारा, कुठे आहात, किती वाजले ते सांगा, लघवी आणि दुखणं तपासा. कालपर्यंत नीट बोलणारा आज असा वागतोय तर तो भ्रम आहे, जंतुसंसर्ग किंवा औषधाचा परिणाम शोधावा लागतो. दिवसभर गप्प पडून, पेंगत असलेला म्हातारा रुग्ण 'छान झोपतो' म्हणून निश्चिंत होऊ नका. भ्रमाचा एक प्रकार अगदी असाच दिसतो.

मुलांचं एकच सांगते. सुई, ड्रेसिंग शक्यतो त्यांच्या पलंगावर करू नका, उपचाराच्या खोलीत न्या. पलंग दुखवणारी जागा झाला की तिथे झोप लागत नाही.

शेवटची पायरी: नोंद

'झोप चांगली' हे दोन शब्द मी लिहिणं सोडलं. जे पाहिलं ते आणि रुग्ण जे म्हणाला ते वेगवेगळं लिहायचं. उदाहरणार्थ: '११.१५, १.००, ३.०० वाजता डोळे मिटलेले, श्वास १४ ते १६. ३.४० ला खोकल्याने उठले, उठून बसवलं, पाणी दिलं, ४.१५ ला पुन्हा आडवे. सकाळी म्हणतात, "तीनपर्यंत बरी लागली, मग नाही." रेघेवर ५५, काल ३०. पहाटेच्या खोकल्याबद्दल राउंडला विचारावे.'

हीच नोंद हँडओव्हरमध्ये तोंडानेही सांगा, बीपी आणि लघवीच्या आकड्यांच्या रांगेत. आजींच्या बाबतीत त्या सकाळी मी एवढंच सांगितलं होतं: पलंग पाच, तीन रात्री झोप नाही, कारण पलंग सहाचा पंप. दुपारपर्यंत पंप दुसऱ्या बाजूला गेला, सहा नंबरची सुई कोपरातून काढून हाताच्या पुढच्या भागात लावली गेली. दोन दिवसांनी आजी वॉकर धरून दारापर्यंत आल्या आणि मलाच म्हणाल्या, "सिस्टर, तुमचे डोळे लाल दिसतायत, झोप झाली नाही का?"